पावसाळ्यातले बजरीगर : कुबट राळे, फुगून बसलेली मादी आणि बरंच काही

बाल्कांव (साळगाव)

नमस्कार मंडळी. शेजारचं कुटुंब नोकरीपायी पुण्याला गेलं आणि जाताना आपले दोन बजरीगर आमच्या स्वाधीन करून गेलं. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून विकतात तेच हे छोटे पोपट. नर हिरवा, मादी निळी. उन्हाळाभर दोघंही खुशीत होती. पाऊस लागल्यापासून मात्र काळजी वाटू लागलीय.

पिंजरा बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टांगलेला आहे. खायला फक्त राळे, दुकानदार ज्याला कांगणी म्हणतो ते. पावसात धावपळ नको म्हणून मे महिन्यातच मोठी पिशवी आणून ठेवली, तिला आता कुबट वास येतोय. मादी दुपारी पिसं फुगवून एका जागी बसून राहते. नराच्या चोचीच्या मुळाशी पांढरट, खरखरीत काहीतरी धरलंय. दुकानात विचारलं तर "पावसात असंच होतं, पाण्यात हळद घाला" म्हणाले. मनाला पटलं नाही. घरातल्या सगळ्यांना या दोघांचा लळा लागलाय. काय करावं?

चाफ्याखाली (फोंडा)

बाल्कांव, लगेच विचारलंत ते बरं केलंत. आमच्याकडे पुष्कळ वर्षांपासून बजरीगर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती राळ्याची पिशवी आजच टाकून द्या. चाळून, भाजून, ऊन दाखवून वापरू नका. कुबट वास आला म्हणजे बुरशी दाण्यात शिरलेली असते, डोळ्यांना दिसो वा न दिसो, आणि काही बुरशींचं विष भाजल्यानेही जात नाही. शिवाय पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात. बुरशीचे कण श्वासाबरोबर तिथे जाऊन रुजले की ॲस्परजिलोसिस होतो. तो लवकर कळत नाही आणि कळला की बरा व्हायला महिने लागतात.

बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या माळरानांतले. १८४० साली जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घरोघरी पोचले. आपला मे महिना ते सोसतात. सावली आणि पाणी असलं की पुरे. जुलैमधली ओल मात्र त्यांच्या अंगाला परकी आहे. म्हणून गोव्यात या पक्ष्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात असते, आणि त्यातलं अर्धं काम दाण्याच्या डब्यापाशी होतं. पंधरवड्याला पुरेल एवढंच धान्य आणायचं, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायचं, बरणी फ्रीजमध्ये ठेवायची. आणल्या आणल्या दोनेक दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तर सोंडे आणि पाखरांची अंडीही मरतात. वाटीत सकाळी थोडंच घालायचं, संध्याकाळी उरलेलं काढायचं. वरची फोलं फुंकून टाकायला विसरू नका. वाटी भरलेली दिसते पण आत निव्वळ टरफलं असतात आणि पक्षी उपाशी राहतो.

आता मादीचं. पिसं फुगवून बसणं हे थंडीचं किंवा डुलकीचंही लक्षण असू शकतं, पण रोज भर दुपारी तसं बसणं बरं नाही. पोपटवर्गातले पक्षी आजार लपवतात. थव्यात कमजोर दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, ही सवय पिंजऱ्यातही जात नाही. त्यामुळे आपल्याला आजार दिसतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. मला एवढं सांगा :

श्वासागणिक शेपटी खालीवर होते का? ती दांडीवर बसते की पिंजऱ्याच्या तळाशी? विष्ठा कशी आहे? पिंजऱ्यात मडकं किंवा घरटं आहे का? पोटाचा मागचा भाग फुगलेला दिसतो का?

खारवारा (बायणा, वास्को)

चाफाताईंच्या प्रश्नांना एक जोडतो. पिंजरा कसला आहे? आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने लोखंड दोन पावसाळेही टिकत नाही. गंज आणि जस्ताचा मुलामा दोन्ही चोचीत जातात, कारण पोपट सगळ्याची चव घेतो. जस्ताची विषबाधा पक्ष्याला मारू शकते. मी स्टीलचा घेतला. महाग पडला, पण प्रश्न मिटला. जस्ताच्या नव्या जाळीचाच पिंजरा वापरायचा असेल तर आधी ब्रश आणि व्हिनेगरने घासून, भरपूर पाण्याने धुऊन वाळवायचा.

वैद्य_गुरांचा (मडगाव)

मी पशुवैद्य आहे. नराचं आधी सांगतो. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांच्या भागावर, डोळ्यांभोवती पांढरट भुसभुशीत थर आणि त्यात बारीक भोकं दिसत असतील तर ते क्नेमिडोकॉप्टिस नावाच्या सूक्ष्म किड्यांचं काम आहे. बजरीगरांत हे वरचेवर दिसतं. औषध आयव्हरमेक्टिन, पण ते वजनावरून मोजून डॉक्टरनेच द्यायचं. तीस-चाळीस ग्रॅमच्या जीवाला एक थेंब जास्त झाला तरी विष होतं. रॉकेल, डांबरगोळीचं पाणी, कडुनिंबाचं तेल यांतलं काहीही लावू नका. दोन्ही पक्ष्यांवर एकदमच उपचार करा आणि लाकडी दांड्या बदला, नाहीतर किडे परत येतात. वेळेवर उपचार झाला तर पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केलं तर चोच कायमची वाकडी होते.

मादीबद्दल ताईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लवकर द्या.

बाल्कांव

डॉक्टर, ताई, आभार. नराच्या चोचीवर बारीक भोकं आहेत, तुम्ही वर्णन केलंत तसंच.

मादी आत्ता तळाशी कोपऱ्यात बसलीय. शेपटी खालीवर होतेय. मडकं आहे पिंजऱ्यात, शेजाऱ्यांनी पहिल्यापासूनच ठेवलेलं. गेल्या आठवड्यात तिने त्यात दोन अंडी घातली. आज पोट मागच्या बाजूने फुगल्यासारखं दिसतंय आणि सकाळपासून विष्ठा जवळजवळ नाही.

वैद्य_गुरांचा

अंडं अडकलंय असं समजून चाला. आत्ता निघा. तुमच्या बाजूने पणजीला टोंकचं सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. पक्षी तपासणारे खासगी डॉक्टर जवळ असतील तर आधी फोन करून त्यांच्याकडे जा.

निघेपर्यंत लहान खोक्यात मऊ कापड घालून तिला ठेवा. बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, पण खोक्याच्या एकाच बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर ती सरकू शकेल. पोट दाबू नका. तेल घालू नका. अंडं आत फुटलं तर वाचवणं फार कठीण. चोचीत पाणी ओतू नका. खोका झाका, अंधारात ती शांत राहील.

चाफ्याखाली

नराला घरीच ठेवा, त्याची वेगळी भेट घ्या. रस्त्यात खोका मांडीवर धरा. कळवा.

आबोली_मळा (मडगाव)

देव करो नि वाचो बिचारी. आम्ही सगळे वाट बघतोय.

बाल्कांव

मंडळी, वाचली. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबेत ठेवलं, आणि रात्री उशिरा अंडं बाहेर आलं. कवच मऊ होतं, नुसत्या पापुद्र्यासारखं. ती आता दांडीवर बसून राळे खातेय. नवीन राळे! नराचं औषधही सुरू झालं, पुढचा डोस दोन आठवड्यांनी. तुम्ही सगळ्यांनी वेळेवर हलवलं नसतं तर मी हळदीचं पाणी देत बसलो असतो. मनापासून आभार.

डॉक्टर म्हणाले, नुसत्या राळ्यांवर राहिल्यामुळे कॅल्शियम आणि व्हिटॅमिनं कमी पडली. मग द्यायचं काय? आणि मडक्याचं काय करू?

चाफ्याखाली

वाचून जीव भांड्यात पडला.

मडकं काढा. बजरीगरच्या मादीला अंधारी ढोल दिसली की अंडी घालाविशी वाटतात. एका खेपेला साधारण चार ते सहा, दिवसाआड एक. उबवायला अठराएक दिवस. एकामागून एक खेपा झाल्या की तिच्याच हाडांतलं कॅल्शियम संपतं. दुकानात पिंजऱ्याबरोबर मडकं देतात म्हणून घरोघरी ते लटकलेलं असतं, पण पिल्लं नको असतील तर त्याची काही गरज नाही. झोपायला त्यांना दांडीच लागते. शिवाय दिवस मोठा वाटला तरी माद्या अंड्यावर येतात, म्हणून सातला पिंजरा झाकायचा आणि दहा-बारा तास नीट झोपू द्यायचं. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत दिवा आणि टीव्ही चालू असेल तर पिंजरा तिथे नको.

खाण्याबद्दल बोलायचं तर बिया हव्यातच, पण नुसत्या बिया म्हणजे तेल आणि पीठ. त्यात ए व्हिटॅमिन जवळपास नाही आणि कॅल्शियम अगदी थोडं. मी राळे, वरी, बाजरी आणि नाचणी मिसळून देते. सूर्यफुलाच्या बिया फक्त हातातून, बक्षीस म्हणून. रोज सकाळी पालेभाजी. आपल्याकडची तांबडी भाजी (लाल माठ) फार उपयोगी आहे, मशिंगाचा म्हणजे शेवग्याचा पाला त्याहून. कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचा तुकडा. पालक अधूनमधून चालतो, रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. फळ थोडंच : पेरू, पपई, सफरचंदाची फोड बिया काढून.

जन्मभर राळे खाल्लेला पक्षी पाला बघून आधी घाबरतो. उपाशी ठेवून शिकवू नका, एवढा लहान पक्षी एक दिवसाच्या उपासानेही धोक्यात येतो. ओला पाला पिंजऱ्याच्या छताला टांगा. पहिल्यांदा ते त्यात अंघोळ करतील, मग कुरतडतील. आमच्याकडच्या एका नराने महिनाभर तांबड्या भाजीकडे पाहिलं नाही. आता पानाचा देठ दिसला तरी ओरडतो.

अजिबात द्यायचं नाही ते : ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, मिठाचं काहीही. फरसाण, चिप्स, खारे काजू नकोत. दुधात भिजवलेला पाव आपल्याकडे पोपटांना हौसेने देतात, तोही नको. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि पावसात भिजलेला पाव तासाभरात आंबतो.

मोड आणलेली नाचणी फार चांगली, पण जुलै-ऑगस्टमध्ये मी ती बंद ठेवते. या हवेत मोडांना बुळबुळीतपणा यायला वेळ लागत नाही.

खारवारा

कॅल्शियमसाठी दुकानातला समुद्रफेस विकत घ्यायची गरज नाही. आमच्याकडे किनाऱ्यावर कटलफिश जातीच्या माणकीच्या पाठीतलं पांढरं हाड वाहून येतं, नाहीतर कोळिणीला सांगितलं तर बाजूला काढून ठेवते. काळं पडलेलं किंवा तेलकट झालेलं घेऊ नका. दोनतीन दिवस गोड्या पाण्यात भिजत घाला, रोज पाणी बदला म्हणजे खार निघेल. मग उकळून कडक उन्हात वाळवा. पावसाआधी वर्षभराचं करून ठेवायचं. मऊ बाजू पक्ष्याकडे करून जाळीला बांधा.

वैद्य_गुरांचा

समुद्रफेस चांगलाच, पण डी व्हिटॅमिन नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यासाठी ऊन हवं, आणि काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच नेमके लागणारे किरण अडवते. पावसात उघडीप मिळाली की सकाळचा अर्धा तास पिंजरा बाहेर ठेवा. अर्धा भाग सावलीत हवा आणि जवळ माणूस हवं. कावळा आणि मांजर दोन्ही टपलेले असतात. उन्हाचा फार खंड पडला तर पुरवणी औषध डॉक्टरला विचारून द्या. मनाने पाण्यात थेंब घालू नका, डी जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात.

आबोली_मळा

मला विचारायचं होतं. माझ्या मुलीला बजरीगर हवेत, पण तिला दमा आहे. आणि घरात डासांची कॉइल रोज लागते. पाळावेत का?

वैद्य_गुरांचा

दमा असेल तर मुलीच्या डॉक्टरांशी आधी बोला. पिसांची धूळ आणि वाळलेली विष्ठा काहींना सोसत नाही, आणि वर्षानुवर्षं अशा धुळीत राहिल्याने फुप्फुसांचा एक वेगळा आजारही होतो. दुसरं, पोपटांकडून माणसाला होणारा सिटॅकोसिस. सगळ्याच पक्ष्यांत तो नसतो, पण असला तर ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. औषधाने बरा होतो, फक्त डॉक्टरला घरात पोपट असल्याचं सांगावं लागतं. तळाचा कागद रोज बदला, आधी पाणी शिंपडून मगच उचला म्हणजे धूळ उडत नाही. पिंजरा झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात नको.

चाफ्याखाली

आबोलीबाय, कॉइल लावणाऱ्या घरात पक्षी आणू नका. लिक्विडची मशीनही नको. संध्याकाळी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकली की पक्ष्यांचं काम भागतं, माणसांनीही मच्छरदाणीच वापरावी. धूप, अगरबत्ती, सिगरेट, फवाऱ्याचं सेंट, फिनाईलचा उग्र वास, सगळं पिंजऱ्यापासून लांब.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. नॉनस्टिक तवा. इसवण (सुरमई) तळायला तवा तापत ठेवला, फोन आला, तवा रिकामाच जळत राहिला. त्यावरचा टेफ्लॉनचा थर २६० अंशांच्या पुढे गेला की जो वायू सुटतो तो माणसाला फारसा जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. दुसऱ्या खोलीतलाही मरू शकतो. एअर फ्रायर, सँडविच मेकर, काही इस्त्र्या यांनाही तोच थर असतो. आमच्या घरात बिडाचा आणि लोखंडी तवा आहे. इसवण त्यावर अधिक छान होतं, हेही सांगते.

केपेचो_विद्यार्थी

मी घरात मोकळे सोडतो रोज तासभर. चालेल ना? पंख कापावेत का?

खारवारा

मोकळं सोडणं उत्तमच, त्यांना उडायलाच हवं. सोडण्याआधी छताचा पंखा बंद, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून बंद. आपल्याकडे पाळलेले पक्षी पंख्याने फार जातात. आरशावर आणि काचेवर पडदा, बादल्या झाकलेल्या, गॅस बंद, दार आतून लावलेलं. पंख कापण्याच्या मी विरोधात आहे. कापलेले पंख पुढच्या पीसझडीत परत येतात, माणूस गाफील राहतो, आणि बाहेर गेलेला पक्षी अर्धवट उडून कावळ्यांच्या तावडीत सापडतो.

पिंपळपार (डिचोली)

चर्चा छान चाललीय. माझा विषय जरा वेगळा आहे, पण पोपटांचाच. आमच्या आजीकडे कीर होता. रानातला, लाल चोचीचा, गळ्याला पट्टा. बाल्कांवात त्याची दांडी असायची. येणाऱ्याला "ये, बस" आणि जाणाऱ्याला "देव बरें करूं" म्हणायचा. आजी गेल्यावर त्याने खाणं सोडलं होतं, इतकी माया. आता आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, वाळलेला माड पाडला, तर ढोलीतून कीराचं एक पिल्लू निघालं. पिसं निम्मीशी आलीत. दुसरं मेलं. घरी वाढवावं असं सगळ्यांच्या मनात आहे. भाताची पेज देतोय. बरोबर आहे ना?

रानवाट (वाळपई)

पिंपळपार बाब, आजीच्या कीराची आठवण वाचून बरं वाटलं. आमच्याही घरी तसाच होता, सत्तरी तालुक्यात घरोघरी असायचा. पण हे पिल्लू ठेवू नका, आणि का ते सांगतो.

आपल्याकडचे रानातले पोपट, म्हणजे हा कीर, मोठा करण पोपट, जांभळ्या डोक्याचा, आणि घाटातला निळ्या पंखांचा, सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पाळणं, सगळंच गुन्हा. बजरीगर, कॉकटील हे परदेशी मूळचे आणि पिंजऱ्यातच पैदास झालेले, म्हणून ते पाळता येतात. इतर बरेच परदेशी पोपट पाळायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकटील यांना ती लागत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी रानाचा हिशेब राहतोच. निळ्या पंखांचा पोपट जगात फक्त पश्चिम घाटात सापडतो. मोले, म्हादई, नेत्रावळी या भागांत दिसला की आम्ही थांबून बघतो. एक पिल्लू बाजारात पोचतं तेव्हा त्यामागे ढोलीत, वाटेत, गोणीत मेलेली कितीतरी असतात. ढोल फोडली की ती जागा पुढच्या वर्षीही जाते, आणि पोपट सहसा स्वतः नवी ढोल कोरत नाही, सुतार पक्ष्याने कोरलेल्या किंवा कुजून झालेल्या ढोलीवर त्याचा सगळा संसार.

म्हणून आजच जवळच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन करा, नाहीतर पणजीला आल्तिन्होवर वनभवनात. तुम्ही पिल्लू पकडलेलं नाही, ते संकटात सापडलं, हे सांगितलं की कोणी त्रास देत नाही. मी स्वतः पिल्लं नेऊन दिलीत.

वैद्य_गुरांचा

आणि तोवर पेज देऊ नका. पातळ अन्न चोचीत ओतलं की श्वासनलिकेत जातं. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब द्या, गार पिल्लाला अन्न पचत नाही, ते गळ्याच्या पिशवीत आंबतं. खोका, मऊ कापड, अंधार, ऊब. बस. पूर्ण पिसं आलेलं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर गोष्ट वेगळी. ते उडायला शिकत असतं, त्याला जवळच्या फांदीवर ठेवून लांब व्हायचं, आईबाप येतात. हात लावला म्हणून ते टाकत नाहीत.

पिंपळपार

मनाला जड गेलं, खोटं का बोलू. आईला तर फारच. पण "सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीवर संसार" हे वाचल्यावर तीच म्हणाली, फोन कर. रेंज ऑफिसचे लोक येऊन घेऊन गेले. पिल्लू उडण्याजोगं झालं की कळवतो म्हणाले.

कुळागरात अजून एक वाळलेला माड उभा आहे. घरापासून लांब, कोणावर पडण्यासारखा नाही. तो आता पाडत नाही.

रानवाट

देव बरें करूं. त्या माडावर नोव्हेंबर-डिसेंबरपासून लक्ष ठेवा, जागा शोधायला जोडी येईल.

बाल्कांव

आमच्याकडची खबर. मादी ठणठणीत आहे. पिंजरा बाल्कांवातून आतल्या खोलीत आणला, कारण पावसाच्या झडीत तिथल्या भिंतींना बुरशी धरते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरून रोज सकाळी खाण्याआधी वजन घेतो. काट्यावर छोटी दांडी ठेवलीय, दोघंही आपणहून चढतात. मादी ३४ ग्रॅम, नर ३१. वहीत लिहून ठेवतो.

त्या खोलीत पावसात कपडे वाळत घालतो, ते चालेल का? आणि गणेशचवथीला आम्हाला काणकोणला मूळ घरी जायचंय. पक्ष्यांचं काय करू?

चाफ्याखाली

वजनाची वही हे सगळ्यात मोठं औषध. दहावा हिस्सा वजन कमी झालं, म्हणजे तुमच्या मादीचं तीन-साडेतीन ग्रॅम, तर पक्षी कितीही खुशीत दिसो, डॉक्टरकडे न्यायचा.

कपडे दुसऱ्या खोलीत हलवा. एक घर ओल्या कपड्यांनी केवढं पाणी हवेत सोडतं ते भिंतीच सांगतात. एसी असेल तर ड्राय मोडवर दुपारी तासदोन तास लावा, झोत पिंजऱ्यावर येऊ न देता. नसेल तर खिडक्या उघड्या, पंखा हळू, पिंजरा त्याच्या वाऱ्याबाहेर.

चवथीला शक्यतो त्यांना न्यायचं नाही. मूळ घरी माणसांची गर्दी, फटाके, रात्रभर आरत्या, वर माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळापानांची चौकट. मोकळा पक्षी माटोळीवर बसून काय कुरतडेल सांगता येत नाही, तिथली सगळीच फळं खायची नसतात. कवंडळ तर मुळीच नाही. ख्रिस्ती शेजारी असतील तर त्यांना सांगा, आणि फेस्ताला त्यांच्याकडचं कुत्रं-मांजर तुम्ही सांभाळा. आमच्याकडे असंच ठरलेलं आहे. जाण्याआधी शेजाऱ्यांना एक दिवस बोलावून दाखवायचं : पाणी दोनदा, फोलं फुंकायची कशी, डॉक्टरचा नंबर भिंतीवर.

न्यावंच लागलं तर लहान पिंजरा, तीन बाजूंनी कापड, पाण्याची वाटी काढून काकडीचा तुकडा. गाडी उन्हात बंद करून उतरायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

खारवारा

नरकासुराच्या, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्रीचंही आत्ताच ठरवून ठेवा. स्पीकरच्या आवाजाने आणि फटाक्यांनी बजरीगर अंधारात घाबरून पिंजऱ्यावर आदळतात, पंख मोडतो, रक्त येतं. सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पिंजरा अर्धाच झाकलेला, आणि मंद दिवा चालू, म्हणजे घाबरले तरी दांडी दिसते.

बाल्कांवात रात्री ठेवत नाही हे चांगलंच. आमच्या वाड्यावर धामण ग्रीलमधून आत शिरून पिंजऱ्यात सापडली होती. पक्षी गिळल्यावर तिला त्याच जाळीतून बाहेर पडता आलं नाही. जाळीच्या दोन तारांत १२ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको.

केपेचो_विद्यार्थी

लाल मुंग्यांचं काय करता? खडू मारावा का?

खारवारा

खडू नको, विष आहे तो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. टांगलेला असेल तर दोरीच्या मध्यावर पाण्याची वाटी लोंबते तसली जोडणी कर. पाणी रोज बदल, नाहीतर डास होतील.

आबोली_मळा

मुलीच्या डॉक्टरांशी बोलले. ते नको म्हणाले. मुलगी रडली, पण आम्ही परसात शेवग्याखाली मातीच्या ताटलीत पाणी ठेवायला लागलोय, आणि तिने वहीत पक्ष्यांची नावं लिहायला घेतलीत. काल कीर आले होते, पेरू कुरतडून गेले.

माझ्या बहिणीकडे बजरीगर आहेत, तिच्यासाठी विचारते : तांबडी भाजी कच्ची द्यायची की वाफवून?

चाफ्याखाली

कच्चीच. बाजारच्या भाजीवर फवारा असतो, म्हणून अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायची, दोनतीनदा धुवायची, पाणी झटकून कपड्याच्या चिमट्याने जाळीला अडकवायची. दुपारपर्यंत राहिली तर काढून टाकायची. चोच आणि छातीची पिसं लाल झालेली दिसली तर बहिणीला घाबरू नको म्हणावं, रंग आहे तो भाजीचा. विष्ठाही त्या दिवशी लालसर येते. दुसऱ्या दिवशी भाजी न देताही लाल आली, तर मात्र डॉक्टर.